घोडेवाल्या काकू

"आधी वास, मग घास," असं म्हणून काकू गवताचा गठ्ठा फोडायच्या. मधली मूठभर काडी ओढून काढायची, नाकाशी धरायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. बुरशीचा, ओलीचा, जरासा आंबूस वास आला की अख्खा गठ्ठा बाजूला. नाही आला तर तोंडातल्या तोंडात "हं" म्हणून त्या फाटकाकडे वळायच्या. तिथे तीन बुटकी, केसाळ घोडी त्यांच्याकडे बघत उभी असायची. त्यांच्या पाठीवर पहाटेचं दव गोठून पांढरं झालेलं असायचं.

जपानातल्या त्सुकुबा शहरात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत त्यांना घोडेवाल्या काकू म्हणत. गणपतीला, दिवाळीला त्या जरीची साडी नेसून यायच्या, पण पदराला कुठेतरी वाळलेली काडी चिकटलेली असायचीच. गप्पा व्हिसाच्या, शाळांच्या, पोस्टडॉकच्या मुदतीच्या चाललेल्या असायच्या. काकू मध्येच म्हणायच्या, "गाजराची सालं जाळायच्या कचऱ्यात टाकता ना तुम्ही? टाकण्याआधी मला दाखवत जा." मंडळी हसायची. जाताना त्यांच्या हातात सालांची पिशवी मात्र असायची.

मी तेव्हा इथल्या एका संशोधन संस्थेत मातीवर काम करत होते. भूकंप झाला, अणुवीज केंद्राचं ते सगळं झालं आणि आमच्याकडे तपासायला माती, भाजी, चारा, जे येईल ते येऊ लागलं. त्याच वर्षी आमच्या घराजवळच्या जुन्या सरकारी इमारतींमध्ये फुकुशिमाकडून हलवलेली कुटुंबं राहायला आली. त्यांच्या बाल्कन्यांत एकसारख्या, मदतीत मिळालेल्या रजया वाळत घातलेल्या दिसायच्या. एका बाल्कनीत मात्र वाळत घातला होता घोड्याचा लगाम. खालून जाताना मी मान वर करून बघत राहिले, तर वरून आवाज आला, "अगं, मराठी आहेस का? चालतेस मराठीसारखी."

मराठी माणूस वेगळं कसं चालतं, हे त्यांनी मला पुढेही कधी सांगितलं नाही.

काकू मूळच्या पुण्याच्या. तिथे जपानी शिकल्या, शिष्यवृत्तीवर इकडे आल्या, जनावरांचा डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर फुकुशिमातल्या डोंगरात एका लहानशा गावात जाऊन राहिल्या. त्याला आता चाळीस वर्षं होत आली होती. त्यांचं मराठी निघाल्या दिवशी होतं तसंच राहिलं होतं. भारतातून आलेल्या फोनला त्या अजून ट्रंककॉल म्हणत. नवऱ्याचं नाव कधी घेत नसत. आमच्याशी बोलताना "आमचे हे". गाव त्यांना सेन्सेई, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायचं, म्हणून आम्हीही सेन्सेईच म्हणू लागलो.

घोडी काकूंची. ही उत्तरेकडच्या जातीची, छातीएवढ्या उंचीची, थंडीत अस्वलासारखी केस वाढवणारी घोडी. त्यांना बारा महिने उघड्यावर ठेवलेलं चालतं. बर्फ पडला तर तो पाठीवर तसाच राहतो, वितळत नाही. आतली ऊब बाहेर पडतच नाही इतके दाट केस. "त्यांना छप्पर नको, पांघरूण नको," काकू सांगायच्या. "चारा हवा. चारा म्हणजे पोटातली शेगडी. ती विझू द्यायची नाही, बस."

सेन्सेईंनी घोड्यांना जपानी नावं दिली होती. काकूंनी त्यांना दाद दिली नाही. गलेलठ्ठ होता तो ढब्बू. नखरेल होती ती चिंगी. आणि कपाळावर आठ्या घातल्यासारखा दिसणारा, सगळ्यांत वयस्कर, तो तात्या. काकूंचे एक चुलते होते म्हणे तसे. "तात्यांना आधी घाला, नाहीतर रागावतात," असं त्या मला बजावायच्या.

पूर्वी घोडी सात होती. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

गाव रिकामं करायचा हुकूम आला तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये बसायचं होतं. दोन-तीन दिवसांत परत याल, असंच सगळे सांगत होते. ढब्बू, चिंगी आणि तात्या नेहमीप्रमाणे वरच्या माळावर मोकळे होते. दोन गाभण घोड्या आणि दोन म्हाताऱ्या, अशा चौघी तबेल्यात होत्या. काकू म्हणाल्या, दार उघडं टाकू. सेन्सेई म्हणाले, नको, रस्त्यावर येतील, अंधारात गाड्यांखाली जातील, दोन दिवसांचाच प्रश्न आहे. त्यांनी भरपूर चारा टाकला, पाण्याचे टब काठोकाठ भरले आणि दाराला अडसर लावला. गावात ज्यांच्या गाई होत्या त्यांनीही येऊन सेन्सेईंना विचारलं. डॉक्टर तेच. सेन्सेईंनी त्यांनाही तेच सांगितलं.

परत जायला मिळालं तेव्हा झाडांना पानं फुटली होती. तबेल्यातल्या चौघींनी मरण्याआधी लाकडी खांब कुरतडले होते. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात काही फरक पडला नाही. अंगठा आणि तर्जनी जवळ आणून त्यांनी फक्त दाखवलं, खांब किती बारीक झाले होते ते.

वरच्या माळावरची तीन जिवंत होती. ओढ्याचं पाणी होतं आणि कोवळं गवत आलं होतं. मांसासाठी विकणार नाही या अटीवर, तपासणी करून त्यांना बाहेर काढता आलं. गाईंना ती सवलत नव्हती. ज्या उरल्या होत्या त्यांना मारायचं ठरलं, आणि त्या कामाला डॉक्टर कमी पडत होते. सेन्सेई गेले. ज्या गाईंची बाळंतपणं त्यांनी केली होती त्यांनाच सुया दिल्या. ते संपवून त्सुकुबाला आले आणि घरात बसले.

काकूंनी त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी एक उतार भाड्याने घेतला. गाडीने पाऊण तास. तिथे कुंपण होतं, पाणी होतं, सामान ठेवायला पत्र्याची खोली होती. तबेला बांधून देतो असं जमीनमालक म्हणाला, तेव्हा काकू म्हणाल्या, "नको. माझ्या घोड्यांना दार नको."

रोज सकाळी त्या आपला छोटा पांढरा ट्रक घेऊन निघायच्या. सेन्सेई एकदाही बरोबर गेले नाहीत. टीव्हीसमोर बसून असायचे, पण टीव्ही बंद असायचा. संध्याकाळी काकू घरी आल्या की एकच प्रश्न विचारायचे, "खाल्लं का?" काकू म्हणायच्या, "खाल्लं." मग दोघं जेवायला बसायचे.

त्या पहिल्या शरद ऋतूत काकूंनी स्वतः गवत कापलं. उतारावरचं घोड्यांनी फस्त केलेलं, म्हणून रानाच्या कडेचं उंच गवत. कापलं, उन्हात उलटंपालटं करून वाळवलं, गठ्ठे बांधले. सत्तरीकडे झुकलेल्या बाईने एकटीने केलेलं काम. मग नियम म्हणून त्यातली पिशवीभर तपासायला माझ्याकडे आणली. पिशवी उघडून माझ्या नाकाशी धरली. "बघ, चहाच्या डब्यासारखा वास येतोय."

खरंच येत होता.

किरणोत्साराचा आकडा आला तो चारा म्हणून वापरता येण्याच्या कितीतरी पलीकडचा होता. झाडांवरून पावसाबरोबर उतरलेलं सगळं त्या रानाच्या कडेला साचलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा पिशवीत नाक घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"वास तर चांगला आहे गं," त्या म्हणाल्या.

"याला वास नसतो, काकू."

"मग आम्ही कशावरून ओळखायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. यंत्राची माहिती देता आली असती. पण त्यांना ते विचारायचं नव्हतं, हे माझ्याही लक्षात आलं. ते सगळे गठ्ठे ताडपत्रीखाली झाकून गेले आणि तो हिवाळा परदेशातून आलेल्या गवतावर निघाला. ते वेळेवर यायचं नाही. जानेवारीत ढब्बूच्या केसांत हात घातला तर बरगड्या लागायच्या. काकू स्वतःही त्या हिवाळ्यात निम्म्या झाल्या. "आता याला ढब्बू म्हणवत नाही," म्हणायच्या, पण दुसरं नावही ठेवलं नाही.

मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायला लागले. शहाणपणाचं काम नव्हतं ते. त्सुकुबा डोंगरावरून हिवाळ्यात जो कोरडा वारा उतरतो तो कानशिलं कापत जातो. पाण्याच्या टबावर बर्फाची ताटली धरलेली असायची, ती काकू बुटाच्या टाचेने फोडायच्या. मग गवताचे ढीग लांब लांब टाकायचे. घोडी तीन, पण ढीग चार. "कुणी कुणाला हुसकलं तरी हुसकलेल्याला जागा पाहिजे," त्या म्हणायच्या. ढीग रोज नव्या ठिकाणी टाकायचे, म्हणजे एकाच जागी चिखल होत नाही. हे सगळं झालं की त्या कुंपणाला टेकून उभ्या राहायच्या आणि घोड्यांचं चघळणं ऐकत राहायच्या. तुम्ही कधी ते ऐकलं असेल तर तुम्हाला सांगायला नको. वाऱ्यातसुद्धा ऐकू येतं. त्या वेळी काकूंशी बोललेलं त्यांना आवडायचं नाही.

दोन हिवाळ्यांनंतर आमच्याकडे कधी पडत नाही इतका बर्फ पडला. इमारतीच्या जिन्यात काकू घसरल्या आणि हात मोडून घेतला. प्लास्टर घातलेला हात गळ्यात बांधून त्या मला म्हणाल्या, "चल, जाऊ." बर्फावर चालण्यासाठी माझ्या गाडीच्या चाकांना साखळ्या होत्या. पण गठ्ठे वर कोण ओढणार? माझ्या एकटीने ते होणारं नव्हतं. आम्ही दोघी दारात उभ्या राहून हाच विचार करत होतो. तेवढ्यात सेन्सेई उठले आणि त्यांनी रबरी बूट घातले.

पायथ्याशी गाडी सोडून आम्ही मुलांच्या प्लास्टिकच्या घसरगाडीवर गठ्ठे बांधले आणि ओढत नेले. सेन्सेई पुढे. फाटक उघडून ते आत गेले, गठ्ठा फोडला, चार ढीग केले. हात सरावाचे होते. तिन्ही घोडी पलीकडच्या टोकाला बर्फात उभी होती. आदल्या दिवशीपासून उपाशी. पण कुणी जागचं हललं नाही.

सेन्सेई थांबले. आम्हीही थांबलो. तात्या मान उंच करून त्यांच्याकडे बघत होता.

"मी मागे सरतो," असं जपानीत पुटपुटून सेन्सेई फाटकाबाहेर आले आणि पार खाली गाडीपाशी जाऊन उभे राहिले. तेव्हा कुठे घोडी आली आणि खाऊ लागली.

परतताना काकू त्यांना म्हणाल्या, "नवा कोट बघून बुजली."

"हो," सेन्सेई म्हणाले. "कोटच असेल."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर सेन्सेई दारात तयार होते. त्यांनी काकूंचं जुनं जांभळं जॅकेट घातलं होतं. सहा फुटी माणूस. बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन संपलेल्या, चेन छातीवर अडकलेली. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसत होत्या की काय, ते मला कळलं नाही.

त्या दिवशी घोडी आली. चिंगीने जॅकेटच्या खिशात नाक खुपसलं. सेन्सेई तसेच हात लोंबते सोडून उभे राहिले, तिला हात लावला नाही.

प्लास्टर निघेपर्यंत ते रोज त्याच जॅकेटमध्ये गेले. मग काकूंचा हात बरा झाला आणि ते पुन्हा बंद टीव्हीसमोर बसले. पुढच्या पानगळीत मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. काकू मला म्हणाल्या, "घोडी विसरत नाहीत असं लोक म्हणतात. मला नाही पटत. कोटालाच बुजली होती ती. यांना मी हजारदा सांगितलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पटलं नाही यांना."

त्यानंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण तशीच ती गेली. ढब्बू एका उन्हाळ्यात पोटदुखीने गेला. चिंगी म्हातारी होऊन गेली. एका सकाळी ती आडवी पडलेली सापडली. काकूंनी नवीन घोडं आणलं नाही. तात्या एकटा उरला. त्याचे दात संपले होते. गवत बारीक कापून, कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून चार वेळा द्यावं लागायचं. काकू सकाळी जायच्या त्या संध्याकाळीच परत यायच्या. पत्र्याच्या खोलीत स्टोव्ह, किटली आणि एक खुर्ची. तात्याचं जेवण आणि काकूंचा चहा एकाच किटलीच्या पाण्यात व्हायचा.

मग एका डिसेंबरात त्यांच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रिया लगेच करायची होती. हॉस्पिटलात महिनाभर तरी राहावं लागेल, आणि वय पाहता पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

काकूंनी मला घरी बोलावलं. योकोहामाहून त्यांचा मुलगा आला होता. काकू त्याच्याशी मराठीत बोलायच्या आणि तो जपानीत उत्तर द्यायचा. त्यांच्या घरात ते नेहमीचंच होतं. तो मान खाली घालून बसला होता.

"तात्याला सुई द्यायला सांगितलंय मी," काकू म्हणाल्या. "शुक्रवारी डॉक्टर येणार आहेत."

मी म्हणाले, मी जाईन की सकाळ-संध्याकाळ. त्या म्हणाल्या, "तुझी नोकरी आहे. एखाद दिवस तुला उशीर होईल. दोष नाही देत तुला, होणारच तो. आणि त्याला चार वेळा लागतं." मी नागानोच्या एका शेताचं नाव काढलं. तिथे म्हातारी घोडी सांभाळतात. त्यांनी तिथेही फोन केला होता. ते घ्यायला तयार होते.

"मग?"

"एवढ्या लांब ट्रकमध्ये उभा राहून जायचं त्याने, ह्या वयात. नव्या माणसाच्या हातचं तो दोन-तीन दिवस खाणार नाही. माहीत आहे मला. फाटकापाशी उभा राहील आणि वाट बघेल."

मुलगा जपानीत काहीतरी म्हणाला. तू बरी होऊन आलीस तर, असं.

"बरी होऊन आले तर रडेन," काकू मराठीत म्हणाल्या. "नाही आले तर रडायला मी नसेन, पण तो असेल. मी जनावर मागे ठेवून एकदा बसमध्ये बसलेय. पुन्हा नाही."

त्यांचं बरोबर होतं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्हाला येत असेल तर बघा.

शुक्रवारी कडाक्याची थंडी होती, पण वारा नव्हता. काकूंनी भिजवलेल्या गवताची बादली तात्यापुढे धरली. नेहमी त्या बादली खाली ठेवायच्या. त्या दिवशी तो खात असेपर्यंत दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. डॉक्टर तरुण होते, ते घाई न करता बाजूला थांबले. तात्याने बादली चाटून साफ केली आणि आठ्या घातलेल्या कपाळाने काकूंच्या खांद्याला ढुशी दिली. आणखी हवं होतं त्याला. काकू म्हणाल्या, "आहे हो तात्या, देते," आणि पुढच्या खेपेसाठी भिजवलेली अर्धी बादलीही त्याला दिली. ती संपल्यावर त्यांनी डॉक्टरांकडे बघून मान हलवली.

सोमवारी त्या हॉस्पिटलात गेल्या.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. गाठ साधी निघाली. महिना लागेल म्हणाले होते, पण काकू त्याच्या आतच चालू-फिरू लागल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. डॉक्टर खूश आहेत, नर्स खूश आहेत, मुलगा फुलं घेऊन आला होता, असं सगळं त्यांनी सांगितलं. मग माझा हात धरून अगदी हळू म्हणाल्या, "मी तर बरी झाले गं." कुणी गेल्याची बातमी द्यावी, तशा आवाजात.

वसंतात मी त्यांना उतारावर घेऊन गेले. पत्र्याच्या खोलीतलं सामान आवरायचं होतं. उतारावर ठिकठिकाणी गोल गोल हिरवे ठिपके उठले होते. इतक्या वर्षांत जिथे जिथे गवताचे ढीग टाकले होते तिथे परदेशी गवताचं बी सांडून रुजलं होतं. इथल्या गवताहून ते गडद आणि उंच होतं. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"आता उगवलंय," त्या म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या. सामान मी एकटीने आवरलं.

त्या योकोहामाला मुलाकडे राहायला गेल्या. अकरावा मजला, खाली स्टेशन, समोर समुद्र. मी फोन करायचे. हवापाणी, चेरीची फुलं, नातीची परीक्षा. घोड्यांचा विषय त्या काढत नसत, मीही काढला नाही. तिकडे त्या चार वर्षं जगल्या. चांगल्या जगल्या, असं मुलगा म्हणाला. शेवटी झोपेतच गेल्या.

त्या जमीनमालकाने उतारावर सौर पॅनेल बसवले आहेत. मागच्या जूनमध्ये माती तपासण्याच्या कामासाठी मी त्या बाजूला गेले होते, म्हणून गाडी वळवली. काळ्याशार पॅनेलच्या ओळी खालपासून वरपर्यंत गेल्या आहेत. मधल्या पट्ट्यांत ते परदेशी गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि एक माणूस खांद्यावरच्या यंत्राने ते कापत होता. पॅनेलवर सावली पडते म्हणून वर्षातून दोनदा कापावं लागतं, असं त्याने सांगितलं. कापलेलं गवत तो उचलत नव्हता. ते ओळींमध्ये जागच्या जागी पडलं होतं, दुपारच्या उन्हात वाळत.